किल्ली फिरवण्याआधीची दहा मिनिटे

मृगाचा दमदार पाऊस पडून गेला, की भातकुली तालुक्यातील वावरांमध्ये एक विशिष्ट घाई संचारते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल आणि चिकण. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ओलितासाठी बहुतेक ठिकाणी निरुपयोगी. पेरणीचा सारा भरवसा पावसावर. पाऊस जास्त झाला तर चाक रुतते, उघडीप लांबली तर ओल उडते. या दोहोंच्या मधला वाफसा मोजक्याच दिवसांचा असतो. उन्हाळवाहीनंतर गोठ्याशेजारी उभा राहिलेला ट्रॅक्टर नेमका त्याच सकाळी बाहेर काढायचा असतो, आणि अनेकदा नेमकी त्याच सकाळी त्याची बॅटरी उतरलेली असते.

अशा सकाळी ट्रॅक्टरकडे निघणारी व्यक्ती बरेचदा घरातील ज्येष्ठच असते. मुले अमरावतीला नोकरीला किंवा पुण्याला. वावर मात्र वडिलांच्या भरवशावर. वयाच्या पासष्टीत, सत्तरीतही आपण वाहन हाती धरता, याचे मला एक डॉक्टर म्हणून कौतुकच वाटते. काम करणारे शरीर अधिक काळ टिकते. परंतु शेतीयंत्रामुळे जखमी झालेल्या रुग्णाची हकिगत ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. कित्येक अपघात नांगरताना किंवा पेरताना होत नाहीत. ते यंत्र सुरू करताना, त्यावर चढता-उतरताना आणि चालू यंत्राजवळ वाकताना होतात. म्हणून या लेखात मी आपणांस फक्त दहा मिनिटे मागणार आहे, किल्ली फिरवण्यापूर्वीची.

बैलाची सवय आणि यंत्राचा स्वभाव

आज साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यांनी शेती बैलांबरोबर शिकली. बैलजोडीला जुंपताना माणूस जोडीच्या पुढून, बाजूने, अगदी पायांजवळूनही वावरतो. धन्याचा पाय घसरला तर बैल थबकतो. हाक दिली तर उभा राहतो. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की ट्रॅक्टरजवळही शरीर नकळत तसेच वागते. चालू इंजिनाच्या शेजारून पाय टाकणे, मागच्या चाकापुढे उभे राहून हात घालणे, फिरत्या दांड्यावरून ओलांडून जाणे, हे सारे त्या जुन्या ओळखीतून घडते. यंत्राला धनी ओळखू येत नाही. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर सुरू झाला, की तो चालू लागतो. पुढे कोण उभे आहे, हे त्याला ठाऊक नसते.

तरुण माणूस अशा क्षणी उडी मारून बाजूला होतो. वय वाढते तशी प्रतिक्रियेची गती मंदावते, गुडघे साथ देत नाहीत, तोल सावरायला एक पाऊल अधिक लागते. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र यंत्र हाताळण्याची पद्धत त्या बदललेल्या शरीराला साजेशी असली पाहिजे.

आधी तपासणी स्वतःची

ट्रॅक्टरचे तेल-पाणी पाहण्याआधी चालकाचे तेल-पाणी पाहावे. सकाळी घरातून निघण्यापूर्वी स्वतःला पुढील गोष्टी विचाराव्यात.

*पोटात काही आहे का?* मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने औषध घेऊन उपाशीपोटी वावरात जाणे धोक्याचे आहे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की हात थरथरतात, घाम फुटतो, विचार गोंधळतो. उन्हात काम करताना हा घाम उकाड्याचाच वाटतो आणि लक्षण ओळखू येत नाही. न्याहारी करूनच निघावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. त्रास जाणवताच इंजिन बंद करून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसून राहावे. बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. नंतर काहीतरी खाल्ल्याखेरीज पुन्हा बैठकीवर चढू नये.

*उभे राहताना चक्कर येते का?* रक्तदाबाच्या आणि पुरुषांमधील प्रोस्टेटच्या काही औषधांनी उठताक्षणी रक्तदाब उतरतो. घरी यंत्र असल्यास पाच मिनिटे शांत पडून रक्तदाब मोजावा. मग उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर आपल्या डॉक्टरांना दाखवावे. गोळी मनाने बंद करू नये. तिची वेळ किंवा मात्रा बदलून बहुधा भागते.

*रात्री झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतली होती का?* अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचा अंमल सकाळीही उरतो. सर्दी-खाजेवरच्या क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन यांसारख्या औषधांनी डोळ्यांवर झापड येते. त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. दारूविषयी वेगळे सांगणे नको. खर्रा घोटण्यासाठी मात्र दोन्ही हात लागतात, आणि स्टिअरिंगलाही तेच दोन हात लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

*पायांना पेडल कळते का?* हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना हळूहळू कमी होते आणि रुग्णाला त्याची जाणीवही नसते. अशा पायाला क्लच किती दाबला आहे, ब्रेकवर पाऊल नीट आहे की निसटले आहे, हे कळत नाही. घरच्यांनी एक सोपी चाचणी करावी. ज्येष्ठांना डोळे मिटून पडायला सांगावे. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाचा हलका स्पर्श एक-दोन सेकंद करावा. दाबू नये, टोचू नये. स्पर्श कळला की त्यांनी सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श न कळल्यास पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये.

*दिसते आणि ऐकू येते का?* मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला समोरून आलेला तिरपा प्रकाश दिपवून टाकतो. सकाळ-संध्याकाळच्या वेळी धुऱ्यावर बसलेले मूल दिसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर नेत्रतज्ज्ञ सांगतील तोपर्यंत धूळ आणि हादरे टाळावेत. ऐकू कमी येणाऱ्या चालकाला मागून दिलेली हाक इंजिनाच्या आवाजात पोहोचत नाही. अशांनी मदतनिसाबरोबर हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

वाहन परवान्यासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. या प्रमाणपत्राकडे केवळ सहीचा कागद म्हणून पाहू नये. डॉक्टरांना आपली सर्व औषधे दाखवावीत, आणि "मी ट्रॅक्टर चालवतो" हे आवर्जून सांगावे. तेवढ्या एका वाक्याने औषधांची निवड बदलू शकते.

मग यंत्राची

यंत्राची पाहणी आदल्या संध्याकाळी, इंजिन थंड असताना करावी. म्हणजे सकाळी घाई होत नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा असावा. डिपस्टिक पुसून तेलाची पातळी पाहावी. रेडिएटरचे झाकण तापलेल्या इंजिनावर कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा आणि छाती भाजते. डिझेल भरताना इंजिन बंद आणि बिडी दूर असावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तिच्याजवळही आगकाडी नको. टायरची हवा, चाकांच्या सुट्या झालेल्या चाक्या, खाली ठिबकलेले तेल एकदा नजरेखालून घालावे. हायड्रॉलिकच्या नळीतून तेल फवारत असेल तर ते बोटाने चाचपू नये. बारीक धारेने कातडीखाली शिरलेले तेल बाहेरून टाचणीएवढे दिसते, आत मात्र हात सडवू शकते. असे झाल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

ब्रेककडे विशेष लक्ष द्यावे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळी ब्रेक पेडल असतात, वावरात जागच्या जागी वळता यावे म्हणून. रस्त्यावर जाण्यापूर्वी ती दोन्ही खिट्टीने जोडली पाहिजेत. न जोडता वेगात एकच पेडल दाबले गेले, तर एक बाजू अडते आणि ट्रॅक्टर उलटतो. पायरीवरचा आणि पाय ठेवायच्या पत्र्यावरचा चिखल खरवडून टाकावा. पाण्याची बाटली पेडलखाली घरंगळणार नाही अशी बांधावी.

बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, मळमळते आणि माणूस बेशुद्ध पडतो. दारे सताड उघडावीत आणि इंजिन सुरू होताच ट्रॅक्टर बाहेर घ्यावा.

सुरू करण्याचा क्रम

पुढील क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीला चिकटवावा.

१. ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारावी. खाली सावलीला शेळी, कुत्रे आणि कधी खेळणारे मूलही असते.

२. धोतराचा सोगा, उपरणे, शर्टाच्या बाह्या आवरून घ्याव्यात. पायांत चप्पल नको, मागून बंद असलेला बूट हवा.

३. ट्रॅक्टरकडे तोंड करून डाव्या बाजूने चढावे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार सतत असावेत. उतरतानाही तोंड ट्रॅक्टरकडेच असावे; उडी मारू नये.

४. बैठकीवर नीट बसल्यावर हँडब्रेक ओढलेला आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, पीटीओचा दांडा बंद आहे आणि मागचे अवजार जमिनीवर टेकलेले आहे, हे हाताने लावून पाहावे.

५. क्लच पूर्ण दाबावा, हॉर्न वाजवावा, तीनपर्यंत मोजावे आणि मग किल्ली फिरवावी.

६. उतरायचे असेल तेव्हा प्रत्येक वेळी अवजार खाली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

या क्रमातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ट्रॅक्टर नेहमी बैठकीवर बसूनच सुरू करावा. किल्लीने सुरू होत नसला, की जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर किंवा पाना टेकवून तो 'डायरेक्ट' करण्याची प्रथा गावोगावी आहे. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये आणल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, अशी सोय कारखान्यातूनच केलेली असते. डायरेक्ट करताना ही सोय टाळली जाते. माणूस उभा असतो तो मागच्या मोठ्या चाकाच्या अगदी पुढे. गिअर चुकून लागलेला असेल, तर इंजिन सुरू होताच तेच चाक त्याच्यावर येते. बाजूला होण्यास तरुणालाही वेळ मिळत नाही. बिघडलेला स्विच किंवा जुनी बॅटरी बदलायला येणारा खर्च मोडलेल्या मांडीच्या एका शस्त्रक्रियेपुढे काहीच नाही. एका वाफशाची पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल, पण मिस्त्री येईपर्यंत थांबावे.

दुसरी गोष्ट पीटीओच्या फिरत्या दांड्याची. रोटावेटर किंवा मळणीयंत्र चालवणारा हा दांडा सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. अडकलेल्या उपरण्याचे किंवा पदराचे दोन मीटर कापड तो साधारण एका सेकंदात गुंडाळतो, आणि कापडामागोमाग हात किंवा मान ओढली जाते. त्यावरचे प्लास्टिकचे आवरण तुटले असेल तर नवे बसवून घ्यावे. मळणीयंत्रात हात जाण्याचे अपघात इतके झाले, की आपल्या संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पेंढी ढकलण्याची तोंडाकडची पेटी सुरक्षित लांबीची असावी, ही अट त्यातूनच आली. सोयाबीन काढताना पेटी आखूड वाटली म्हणून ती कापू नये, आणि अडकलेला पाला यंत्र बंद केल्याखेरीज काढू नये.

मडगार्डवर नातवाला बसवण्याचा मोह ज्येष्ठांना आवरत नाही, हे मी जाणतो. एका खड्ड्याच्या हिसक्याने तेथून पडलेले मूल थेट मागच्या चाकाखाली जाते. ट्रॅक्टरवर बैठक एक, तर माणूसही एकच.

परदेशी मुलांकडे गेल्यावर

आपल्या भागातील अनेक आईवडील आता उन्हाळ्यात काही महिने अमेरिकेत मुलांकडे राहतात. तेथे घराभोवतीचे गवत कापायला बसून चालवायचे छोटे यंत्र असते. दिसायला ते लहानसा ट्रॅक्टरच. त्यामुळे "हे तर मला येते" असे म्हणून बाबा किल्ली मागतात. येथे तीन फरक ध्यानात घ्यावेत. कापणारे पाते यंत्राच्या पोटाखाली, पायांच्या जवळ असते. पात्याच्या तडाख्याने खडे, तारा, खेळणी गोळीसारखी उडतात, म्हणून आधी सारे अंगण वेचून घ्यावे. आणि बहुतेक यंत्रे पेट्रोलवर चालतात, त्यामुळे इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावरच इंधन भरावे.

उतारावर हे यंत्र खालून वर आणि वरून खाली असे चालवतात. आडवे चालवल्यास उलटते. बैठकीवरून उठताच पाते थांबावे यासाठी बैठकीखाली स्विच असतो. तो तार जोडून निकामी करू नये. मागे घेताना आधी वळून पाहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, की सोळा वर्षांखालील मुलांनी हे यंत्र चालवू नये, कोणाही मुलाला त्यावर सोबत बसवू नये, आणि गवत कापले जात असताना सहा वर्षांखालील मुले घरातच असावीत. आजोबांच्या मांडीलाही यात सवलत नाही.

अपघात घडलाच तर

सर्वप्रथम इंजिन बंद करावे. चाकाखाली कोणी अडकले असेल, तर ट्रॅक्टर पुढे-मागे घेऊन सोडवण्याचा प्रयत्न करू नये. चाक पुन्हा अंगावरून जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वावराचा पत्ता सांगताना गाव, पांदण रस्ता आणि जवळची ठळक खूण सांगावी, आणि एका माणसाला डांबरी रस्त्यावर उभे करावे.

वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटे दाब द्यावा. मधे उचलून पाहू नये. चुना, हळद, डिझेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. दाबूनही हातापायाचे रक्त उसळत राहिले, तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळावी आणि वेळ लिहून ठेवावी. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती बंद पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फ बोटाला थेट लागू देऊ नये. धनुर्वाताची लस त्याच दिवशी घ्यावी.

ज्येष्ठांच्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो. आणि मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशा औषधांमुळे पोटात रक्तस्राव होत असतानाही नाडी वाढत नाही. रुग्ण बरा दिसतो म्हणून घरी ठेवू नये. औषधांची यादी ज्येष्ठांच्या खिशात आणि घरच्यांच्या फोनमध्ये असावी. भातकुलीकरांसाठी अमरावतीचे इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, दूर नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये, आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्जासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. वयाची मर्यादा १० ते ७५ वर्षे आहे, हे पंचाहत्तरी ओलांडूनही ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या कुटुंबाने लक्षात घ्यावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

वडिलांच्या हातून किल्ली हिसकावून घेऊ नका. ज्या माणसाने चाळीस-पन्नास पेरण्या केल्या, त्याला एका वाक्यात निकामी ठरवले, तर तो आपल्या नकळत पहाटे एकटाच वावरात जाईल, आणि तो धोका अधिक मोठा. त्याऐवजी एकत्र बसून काही गोष्टी ठरवा. एकट्याने ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. अंधार पडल्यावर, नाल्याच्या काठाने आणि धुऱ्यालगत चालवायचे नाही. फोन हत्यारपेटीत न ठेवता अंगावर ठेवायचा. चक्कर, कमी साखर किंवा झापड असलेल्या दिवशी दुसऱ्याने चालवायचे.

आणि पुढे कधी चालवणे खरोखरच थांबवण्याची वेळ आली, तर त्यांच्याकडे काहीतरी सोपवूनच ती किल्ली घ्या. वाफसा आला की नाही, हे मूठभर माती दाबून त्यांनीच सांगावे. तेल-पाण्याची पाहणी त्यांच्या देखरेखीखाली व्हावी. भिंतीवरच्या त्या सहा ओळी त्यांनी मोठ्याने वाचाव्यात आणि तरुण चालकाने त्याप्रमाणे करावे. हॉर्न वाजवून तीनपर्यंत मोजण्याचे काम मात्र दोघांनी मिळून करावे.